वाचकांचे प्रश्न : रोज घालायचा घोट्याखालचा स्नीकर

गेल्या अंकात रोजच्या पादत्राणांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रकाराभोवती फिरत होती: घोट्याच्या खाली संपणारा, सपाट रबरी तळाचा, वर्षानुवर्षे फारसा न बदललेला स्नीकर. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या कामाच्या ठिकाणी पॉलिश केलेल्या बुटांची सक्ती नाही. आठवड्याचे सहा दिवस जीन्सवरही आणि सुती पँटवरही शोभेल, असा एकच बूट घ्यायचा आहे. स्टॅन स्मिथ, सुपरस्टार, सांबा, ऑल स्टार, ओल्ड स्कूल, क्लब सी अशी नावे ऐकतो, पण चित्रांत मला सगळे सारखेच दिसतात. निवड कोणत्या कसोटीवर करावी? (एक नोकरदार वाचक)

उत्तर : हे बूट आपल्याला सारखे दिसले यात आपल्या नजरेचा दोष नाही. घोट्याला मोकळे सोडणारी कड, गोलसर नाक, समोरून ओवलेली नाडी आणि खाली सपाट रबर ही त्या सगळ्यांची ठेवण एकच आहे. फरक समजून घ्यायचा असेल तर नावाऐवजी तो बूट मुळात कोणत्या खेळासाठी घडवला गेला, हे विचारावे. आज ज्यांना आपण क्लासिक म्हणतो ते जवळजवळ सगळे बूट एके काळी खेळाडूंचे होते. खेळाने त्यांना मागे टाकले आणि मग ते रस्त्यावर आले. मैदानाने त्यांच्यावर जे संस्कार केले, ते मात्र अजून तसेच आहेत.

पहिले घराणे कॅनव्हासचे. ऑल स्टार हा १९१७ चा बास्केटबॉलचा बूट. तो मूळचा घोट्यापर्यंत चढणारा आणि त्याची ठेंगणी आवृत्ती १९५७ मध्ये आली. जॅक पर्सेल हे नाव कॅनडाच्या बॅडमिंटनपटूचे आहे आणि त्याचा बूट १९३५ चा. व्हॅन्स या कंपनीचा ऑथेंटिक १९६६ मध्ये निघाला, तर बाजूला लाटेसारखी पट्टी असलेला ओल्ड स्कूल १९७७ मध्ये. हे दोन्ही स्केटबोर्डवाल्यांनी आपलेसे केले, कारण फळीवर उभे राहताना पायाला खालची फळी जाणवावी लागते आणि पातळ, लवचीक तळातून ती जाणवते. तोच गुण दिवसभर टणक फरशीवर उभे राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी दोष वाटतो. हे बूट देखणे आहेत, हलके आहेत, पण पायाखाली त्यांच्यात फारसे काही नसते.

दुसरे घराणे टेनिसच्या चामडी बुटांचे. स्टॅन स्मिथ हा त्यांतला सर्वांत ओळखीचा. साठच्या दशकाच्या मध्यास तो एका फ्रेंच खेळाडूच्या नावाने निघाला आणि पुढे अमेरिकन खेळाडू स्टॅन स्मिथचे नाव त्याला कायमचे चिकटले. स्मिथ १९७१ मध्ये यूएस ओपन आणि १९७२ मध्ये विम्बल्डन जिंकला होता. आज मात्र त्याच्या खेळापेक्षा त्याचा बूटच अधिक लोकांना ठाऊक आहे. क्लब सी हा १९८५ चा त्याच वळणाचा बूट. टेनिसमध्ये खेळाडू आडवा धावतो आणि अचानक थांबतो. त्यामुळे या बुटांचा तळ जाड आणि वाटीसारखा वर वळलेला असतो, त्याच्या कडेवर शिवण असते आणि टाचेला पक्का आधार असतो. रोजच्या वापराला हे सगळे सोयीचे ठरते.

तिसरे घराणे चपळ, बसक्या बुटांचे. सांबा १९५० च्या सुमारास गोठलेल्या, टणक मैदानावर फुटबॉलपटूंचा पाय घसरू नये म्हणून तयार झाला. गझेल १९६६ चा आणि प्यूमाचा स्वेड १९६८ चा. यांची बांधणी पायालगत, तळ पातळ आणि नाक निमुळते असते. पाय अरुंद असेल तर हे बूट हातमोज्यासारखे बसतात, पण चवडा रुंद असेल तर करंगळीला रोज शिक्षा होते.

राहिले बास्केटबॉलचे चामडी बूट. टोकावर शिंपल्याच्या आकाराची रबरी टोपी असलेला सुपरस्टार १९६९ चा आणि टाचेखाली हवेची गादी असलेला एअर फोर्स वन १९८२ चा. दोन्ही दणकट, पण जाडजूड आहेत. अरुंद मोहरीच्या पँटखाली ते पायापेक्षा मोठे दिसतात.

आपल्या गरजेसाठी माझा कौल दुसऱ्या घराण्याला आहे. नितळ चामडे, एकच रंग, कमीत कमी चिन्हे आणि कडेवर शिवलेला तळ एवढ्या चार गोष्टी ज्या बुटात आहेत तो घ्यावा, मग त्यावर प्रसिद्ध नाव असो वा नसो. हा आकार आता इतका सर्वांच्या मालकीचा झाला आहे की अनेक लहान कारखाने तो चांगला बनवतात आणि काही मोठे कारखाने निष्काळजीपणे बनवतात. कॅनव्हासचा जोड पुढे दुसरा म्हणून घ्यावा. एकुलता एक म्हणून तो सहा दिवसांचा भार फार काळ सोसणार नाही.

प्रश्न : एका कंपनीच्या बुटाचे आठ नंबर मला घट्ट होते, दुसऱ्या कंपनीचे सैल. मी पायाचे माप चुकीचे घेत आहे का? आणि बूट घालून पाहताना नेमके काय तपासावे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : चूक आपली नाही, नंबरांची आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन मापांत एका नंबरात एक-तृतीयांश इंचाचा, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटरचा फरक असतो. हे अंतर इंग्लंडमधील जुन्या ‘जवाच्या दाण्या’वरून आले. (आपल्या जुन्या ग्रंथांतले अंगुलही यवाच्या दाण्यांनीच मोजलेले आहे, तेव्हा हसण्याचे कारण नाही.) दोन्ही मापांचा टप्पा सारखा असला तरी मोजणी वेगळ्या ठिकाणापासून सुरू होते आणि अमेरिकन मापात स्त्रियांचे व पुरुषांचे नंबरही वेगळे असतात. युरोपीय मापाचा टप्पा दोन-तृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे ६.७ मिलिमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे एका पद्धतीतला नंबर दुसरीत नेताना तो कुठेतरी वर किंवा खाली ढकलावाच लागतो, आणि प्रत्येक कंपनी तो आपल्या मर्जीने ढकलते. त्यात भर म्हणजे प्रत्येक बूट ज्या साच्यावर ओढून शिवला जातो त्या साच्याची रुंदी आणि उंची निराळी असते. ऑल स्टार नेहमीच्या नंबरापेक्षा साधारण अर्धे माप मोठा निघतो, हे तर तो वापरणाऱ्या बहुतेकांना माहीत असते.

म्हणून नंबर लक्षात ठेवण्याऐवजी आपल्या पायाची लांबी मिलिमीटरमध्ये लक्षात ठेवावी. दिवसभरात पाय थोडे सुजतात, तेव्हा माप संध्याकाळी घ्यावे. जे मोजे घालणार तेच घालून, टाच भिंतीला लावून, कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करावी. हे बोट दर वेळी अंगठाच असते असे नाही. मोजणारे दुसरे कोणी असेल तर उत्तम, कारण आपणच वाकलो की पाय पसरतो आणि भार सरकतो. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाला प्रमाण मानावे. बुटाच्या जिभेच्या आतल्या पट्टीवर अनेकदा सेंटिमीटरचा आकडाही छापलेला असतो. दोन कंपन्यांची तुलना करताना तो नंबरापेक्षा उपयोगी पडतो.

बूट पायात घातल्यावर सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा राहायला हवी. दुकानात बहुतेक लोक अंगठ्याने टोक दाबून पाहतात, पण जाड रबरी नाकाच्या बुटात त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा आतला सुकतळा निघत असेल तर तो बाहेर काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर उभे राहावे. पाय कडेच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट आपला नव्हे, मग लांबी कितीही बरोबर असो. रुंदीची अडचण एक नंबर मोठा घेऊन सोडवण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळावा. तसे केले की बुटाची वाकण्याची रेषा आपल्या चवड्याच्या पुढे जाते, बूट एका ठिकाणी वाकतो आणि पाय दुसऱ्या ठिकाणी, आणि टाच पावलागणिक वर उचलली जाते.

शेवटी दोन्ही पायांत बूट घालून, नाड्या नीट बांधून, पाच-दहा मिनिटे टणक जमिनीवर चालावे. जाड तळाच्या नव्या बुटात टाच किंचित हलली तर चिंता नाही, तळ लवचीक झाला की ते थांबते. बोटे दाबली जात असतील तर मात्र ‘वापरून सैल होईल’ या विक्रेत्याच्या आश्वासनावर विसंबू नये. चामडे रुंदीत थोडे पसरते, कॅनव्हास अगदी थोडे, आणि लांबीत यांपैकी काहीच वाढत नाही. चावणारा बूट पाय सरावल्यावर चावेनासा होतो, आखूड बूट मात्र आखूडच राहतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. पायांना घाम फार येतो आणि दिवसाचे पाच-सहा तास उभे राहावे लागते. चामडे, कॅनव्हास, स्वेड (लवदार चामडे) आणि कृत्रिम चामडे यांत माझ्यासाठी काय योग्य? वेष्टनावर लिहिलेल्या शब्दांवर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : घामाचा विचार करता नितळ चामडे आणि कॅनव्हास या दोहोंतून ओल बाहेर जाऊ शकते, तर ज्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो त्या प्लास्टिकच्या थरातून ती सहसा जात नाही. मात्र वरचा भाग कोणताही असला तरी आतले अस्तर पाहायला विसरू नये. बाहेर उत्तम चामडे आणि आत फोमला चिकटवलेले कृत्रिम कापड, असा बूट घामाच्या बाबतीत रेक्झिनहून फार वेगळा वागत नाही. आत चामड्याचे किंवा सुती अस्तर असेल तर फरक पहिल्या आठवड्यात जाणवेल.

चामड्याच्या प्रतींचा मात्र मोठा घोळ आहे. कातड्याचा सर्वांत वरचा, रंध्रांसकट राखलेला थर सर्वांत टिकाऊ. त्यावरचे डाग घालवण्यासाठी तो घासून वर रंगाचा जाड लेप दिला की दिसायला एकसारखे, पण वाकण्याच्या जागी लवकर तडकणारे चामडे मिळते. स्वस्त पांढरे स्नीकर बहुधा याचेच असतात. खालच्या थरावर प्लास्टिकचा पडदा चढवलेले चामडेही ‘जेन्युइन लेदर’ म्हणून विकले जाते. तो शब्द प्रत सांगत नाही, मूळ पदार्थ तेवढा सांगतो. दुकानात करता येण्याजोगी साधी परीक्षा अशी: चवड्याच्या जागी बूट हलका वाकवावा. बारीक, विस्कळीत सुरकुत्या पडल्या आणि सोडल्यावर विरल्या तर चामडे बरे. एकच जाड, काचेसारखी घडी पडली तर लेप जाड आहे.

नावावर तर मुळीच भिस्त ठेवू नये. २०२१ मध्ये स्टॅन स्मिथच्या नेहमीच्या आवृत्तीचा वरचा भाग चामड्याऐवजी पुनर्वापरित पॉलिस्टर वापरून केलेल्या कृत्रिम द्रव्याचा झाला, आणि चामड्याच्या आवृत्त्या वेगळ्या नावांनी येऊ लागल्या. म्हणजे एकाच नावाच्या दोन जोडांत द्रव्य निराळे असू शकते. यात फसवणूक नाही, माहिती जाहीर होती. पण दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून आज खरेदी करणाऱ्याची गफलत होते.

वेष्टनावर किंवा बुटाच्या आत तीन लहान चित्रे आढळली तर ती जरूर वाचावीत. १९९४ च्या युरोपीय नियमानुसार बुटाचा वरचा भाग, अस्तर व सुकतळा आणि तळ या तिन्हींचे मुख्य द्रव्य चित्राने दाखवावे लागते. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, त्याच आकृतीत चौकट असेल तर लेप दिलेले चामडे, विणलेली जाळी म्हणजे कापड आणि नुसती चौकटीच्या पत्त्यासारखी आकृती म्हणजे इतर काहीही, बहुधा प्लास्टिक किंवा रबर. मुख्य द्रव्य म्हणजे त्या भागाच्या किमान ८० टक्के पृष्ठभागावर (तळाच्या बाबतीत किमान ८० टक्के घनफळात) असलेले, इतके त्यातले गणित आहे.

आपल्यासाठी चामड्याचे अस्तर असलेला नितळ चामड्याचा बूट सुचवतो. स्वेड मऊ आणि सुंदर असतो, पण पाणी व डाग त्याला लगेच दिसतात. पावसाळी हवेत रोज घालायची ती वस्तू नव्हे. उभे राहण्याच्या त्रासासाठी सुकतळा काढता येणारा बूटच पाहावा, म्हणजे मूळचा पातळ सुकतळा काढून चांगला जाड घालता येतो. तसा तो घालायचा असेल तर खरेदीच्या वेळीच घालून पाहावा, कारण जाड सुकतळ्याने आतली उंची कमी होते आणि टाच कडेच्या वर येऊ लागते. टाचेत सकाळी उठल्याउठल्या कळ येत असेल किंवा तळपायाची कमान दुखत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. सपाट स्नीकर हा त्यावरचा उपाय नाही.

प्रश्न : माझ्या कॅनव्हासच्या बुटाची बाजूची रबरी पट्टी चवड्याजवळ वर्षभरात सुटली. दुकानदार म्हणाला, ‘वापर जास्त आहे.’ मित्राचा चामड्याचा बूट तीन वर्षे टिकला, तोही तितकाच वापरतो. हा दोष कारागिरीचा की प्रकाराचा? (एक वाचक)

उत्तर : थोडा दोन्हींचा, पण प्रकाराचा अधिक. चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये ज्या कृतीचे पेटंट मिळाले ती, म्हणजे रबर आणि गंधक एकत्र तापवून रबराला चिवट करणे, आपल्या बुटाच्या मुळाशी आहे. कॅनव्हासचा वरचा भाग साच्यावर ओढतात, खाली कच्च्या रबराचा तळ लावतात, जोड झाकण्यासाठी भोवती रबरी पट्टी गुंडाळतात आणि मग सगळा बूट भट्टीत तापवतात. रबर बुटावरच पक्के होते आणि थर एकमेकांना धरतात. तळ पातळ आणि लवचीक राहतो हा या पद्धतीचा मोठा फायदा. पण त्या पट्टीला कुठेही टाका नसतो. चवड्याशी बूट दिवसातून हजारो वेळा वाकतो, कापड सहज वाकते आणि रबर तितके नाही, त्यामुळे तो जोड तिथेच पहिल्यांदा सुटतो. आपण बूट मशीनमध्ये गरम पाण्याने धुतला असेल किंवा हीटरपाशी वाळवला असेल, तर त्याचे आयुष्य आणखी घटले असणार.

आपल्या मित्राच्या बुटाचा तळ बहुधा आधीच साच्यात ओतून तयार केलेली रबरी वाटी असेल, जिच्यात वरचा भाग बसवून चिकटवतात आणि कडेने शिवतात. गोंद सुटला तरी टाके धरून ठेवतात. मात्र कडेवर दिसणारी प्रत्येक शिवण खरी नसते. काही तळांवर टाक्यांची नुसती नक्षी रबरातच उठवलेली असते. मला ही नक्षी गवंड्याने विटांऐवजी विटांचे चित्र काढावे तशी वाटते. खरे-खोटे पाहायचे तर सुकतळा उचलून आत डोकवावे. खरी शिवण असेल तर आतल्या कडेने धागा फिरलेला दिसतो.

सुटलेली पट्टी टाकून देण्याइतकी गोष्ट नाही. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे करून किंचित खरवडावेत, बूट दुरुस्त करणारे वापरतात तो रबरी गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावावा, तो हाताला ओला न लागता चिकट लागेपर्यंत थांबावे आणि मग घट्ट दाबावे. न थांबता ओला गोंद दाबणे ही घरी होणारी नेहमीची चूक आहे. पट्टीमागचे कापडच फाटले असेल, तर मात्र दुरुस्ती फार टिकणार नाही.

प्रश्न : आठ वर्षांपूर्वी आवडीने घेतलेला एक जोड मी जपून, डब्यात बंद ठेवला होता. परवा घातला आणि तळाचा भुगा झाला. न वापरता बूट कसा खराब होईल? (एक संग्राहक)

उत्तर : नेमका न वापरल्यामुळेच, असे म्हणता येईल. आपल्या बुटाच्या मधल्या थरात पॉलियुरेथेनचा फोम असणार. हवेतील ओल या द्रव्याच्या साखळ्या हळूहळू तोडते. बंद डब्यात ओल अडकून राहते, आणि चालण्यातून मिळणारा दाब नसल्याने ती ओल तिथेच मुरते. बाहेरून बूट नवा दिसतो, आत तो शिळ्या केकसारखा झालेला असतो. हा बिघाड परत फिरवता येत नाही. पूर्ण रबरी तळाच्या बुटांना हा विशिष्ट रोग होत नाही, पण रबरही कालांतराने कडक होऊन तडकतेच. स्वस्तात मिळतात म्हणून एकाच बुटाचे तीन जोड पुढच्या दहा वर्षांसाठी घेऊन ठेवणाऱ्या दुसऱ्या एका पत्रलेखकालाही हेच उत्तर लागू आहे.

प्रश्न : पांढरे स्नीकर धुतल्यावर पिवळे का पडतात? ब्लीच केले तर अधिकच पिवळे झाले.

उत्तर : पिवळेपणाची कारणे तीन आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. कॅनव्हासवर धुतल्यानंतर उमटणारे पिवळट डाग बहुधा पूर्ण न निघालेल्या साबणाचे आणि आतून वर आलेल्या मळाचे असतात. कापड वाळताना पाणी ज्या पृष्ठभागावरून उडते तिथेच हा गाळ साचतो. म्हणून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने खंगाळावे आणि वाळताना वर पांढरा, साधा टिपकागद गुंडाळावा. पाणी कागदातून उडते आणि पिवळे डाग बुटाऐवजी कागदावर उमटतात. ही जुनी युक्ती आहे आणि ती खरोखर चालते. दुसरे कारण म्हणजे ऊन. रबर, गोंद आणि कृत्रिम लेप उन्हातील अतिनील किरणांनी व हवेतील ऑक्सिजनने पिवळे पडतात, आणि हा बदल धुऊन जात नाही. तेव्हा बूट सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. तिसरे कारण आपण स्वतः आणलेत: क्लोरीनचे ब्लीच कृत्रिम धाग्यांशी आणि लेपांशी क्रिया करून त्यांना पिवळे करते आणि सुती धागाही कमजोर करते. ते पुन्हा वापरू नये.

चामड्याचे बूट पाण्यात बुडवूच नयेत. नाड्या वेगळ्या धुवाव्यात, मऊ ब्रशने धूळ झटकावी, ओलसर कापडाला सौम्य साबण लावून पुसावे आणि आत कागदाचे बोळे भरून ठेवावेत. हे आठवड्यातून एकदा केले तर पाच मिनिटांचे काम आहे. तीन महिन्यांनी केले तर अर्धा दिवस जातो आणि तरी मनासारखे होत नाही. एक गोष्ट खटकते म्हणून सांगतो: पांढरा बूट दर आठवड्याला नव्यासारखा दिसलाच पाहिजे, हा हट्टच मला अनाठायी वाटतो. चामड्यावर पडलेल्या सुरकुत्या आणि रबरावरचे थोडे ओरखडे या बुटाला शोभतात. मळ मात्र शोभत नाही.

प्रश्न : याच बुटांनी सकाळी थोडे पळले किंवा व्यायामशाळेत गेले तर चालेल का?

उत्तर : पळण्यासाठी नको. धावताना टाचेवर जो आघात येतो तो झेलण्याजोगे या सपाट तळांत काही नाही, आणि त्यांचा जन्म मैदानावर झाला म्हणून आजच्या खेळांना ते पुरेसे ठरत नाहीत. वजने उचलताना मात्र टणक, सपाट तळ उलट उपयोगी पडतो, कारण मऊ गादीवर उभे राहून वजन उचलणे अस्थिर असते. पुष्कळ लोक त्यासाठी कॅनव्हासचे ठेंगणे बूट मुद्दाम वापरतात. फक्त व्यायामाचा जोड आणि बाहेर घालायचा जोड एकच ठेवू नये. घामाने भिजलेल्या बुटाला वाळायला साधारण एक पूर्ण दिवस द्यावा लागतो.

प्रश्न : पांढऱ्याशिवाय दुसरा रंग घ्यावा का? आणि मोजे कोणते?

उत्तर : पांढरा सर्वांवर जातो हे खरे, पण तो निगाही सर्वांत जास्त मागतो. ज्यांना ती करायची नाही त्यांनी मळकट पांढरा, करडा किंवा गडद निळा घ्यावा आणि पांढऱ्या रबराऐवजी फिकट तपकिरी तळ पाहावा; तो मळ लपवतो आणि जुना झाल्यावर बरा दिसतो. पूर्ण काळा स्नीकर औपचारिक बुटाची जागा घेईल, या समजुतीने अनेकजण तो घेतात. तो ती जागा घेत नाही, उलट पोशाखात उपरा वाटतो. मोज्यांविषयी एवढेच, की बुटाच्या आत लपणारे मोजे टाचेवरून घसरणारे नसावेत. टाचेच्या आत रबराची पट्टी असलेले घ्यावेत. दिसणारे मोजे घालायचे असतील तर ते बिनदिक्कत दिसू द्यावेत. अर्धवट डोकावणारा मोजा सर्वांत वाईट.

प्रश्न : नाडी दिवसातून तीनदा सुटते. नाडी बदलू की बूट?

उत्तर : दोन्ही नको, गाठ बदला. २०१७ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी नाडी सुटण्याची क्रिया संथ गतीच्या चित्रणातून तपासली होती. पाऊल आपटताना गाठ सैल होते आणि पाय झुलताना नाडीची मोकळी टोके चाबकासारखी हिसके देऊन तिला ओढत राहतात, असे त्यांना दिसले. आपली गाठ कोणती आहे ते बांधल्यावर पाहा. फुलाचे दोन्ही फास बुटाला आडवे, डाव्या-उजव्या बाजूला पडले तर गाठ बरोबर आहे; एक फास बोटांकडे आणि दुसरा घोट्याकडे वळत असेल तर आपण दोन्ही अर्धगाठी एकाच दिशेने घालत आहात. पहिली अर्धगाठ घालताना जे टोक वर ठेवता ते खाली ठेवा, बाकी हातांची सवय तशीच राहू द्या. फार लांब नाडी असेल तर मोकळी टोकेही लांब लोंबतात आणि हिसके वाढतात, तेव्हा एक माप आखूड नाडी घेतल्यानेही फरक पडेल. गोल, गुळगुळीत नाडीपेक्षा चपटी सुती नाडी गाठ चांगली धरते.